अकराला येणारा हात आणि साडेनऊची यादी

"मॅडम, बाळ पाच महिन्यांचं झालं तरी बायको हात लावू देत नाही, काही म्हटलं की पैशावरून भांडण, तिला आता मी नकोच का?" मी जोडप्यांचं समुपदेशन करते, हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच माझ्याकडे. कधी बायकोकडून येतो, तेव्हा वाक्य असतं, "यांना फक्त तेच सुचतं". एका ओळीत उत्तर देणं जमत नाही म्हणून मे महिन्यात आलेल्या एका जोडीचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तो नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत, हातात 42 हजार, बेसाला फ्लॅट, त्याचा हप्ता 17 हजार. ती बर्डीला एका छोट्या ऑफिसात होती, 16 हजार मिळायचे. कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे खरी, पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथेच, आणि हिच्या ऑफिसात माणसं सात. त्यामुळे बाळंतपणाला वर्ध्याला माहेरी गेली तेव्हाच नोकरी गेली. घरी सासूबाई, स्वभावाने चांगल्या, पण नागपूरचा मे महिना आणि कूलर एक, म्हणजे कूलरच्या खोलीत अख्खं घर झोपतं. मी म्हटलं अरे बाप्पा, मग जवळ यायचं तरी कुठे? ती किंचित हसली, तो नाही हसला. "काऊन अशी वागून राहिली तेच समजत नाही मॅडम."

ती बराच वेळ गप्प होती. मग फोन काढून व्हॉट्सअॅप उघडून माझ्यापुढे धरला. रोज रात्री नवऱ्याला पाठवलेली खर्चाची यादी. डायपर 399, दही 20, पॅरासिटामॉल 45. एका दिवशी ऑटो 60, त्याखाली त्याचा रिप्लाय, "बस नव्हती का?" त्यानंतर एकाही यादीत ऑटो नाही, पुढच्या लसीला ती बाळाला ओढणीखाली घेऊन उन्हात चालत गेली होती. "ही यादी साडेनऊला जाते मॅडम, आणि अकराला यांचा हात येतो."

तो एकदम खाली बघायला लागला.

मी दोघांना वेगवेगळं बसवलं. तिच्याकडून कळलं की तिसऱ्या महिन्यात एकदा जवळ आले होते, तेव्हा खूप दुखलं, पण ती बोलली नाही. तो समजला, हिला नको आहे. आता अंगावर पाजताना शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे तिथे कोरडेपणा येतो, हे कुणी सांगतच नाही, डिंकाच्या लाडवाचं मात्र दहा जणी सांगतात! तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, टाके तपासून घ्यायला. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते वापरायचं. खोबरेल तेल कंडोमसोबत नको, रबर कमजोर होतं.

दुसरी भीती लगेच परत दिवस जाण्याची. मावशी म्हणाली होती, पाजतेस तोवर काही होत नाही. पण ते कधी, तर बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नसेल तेव्हा. यांच्या बाळाला चौथ्या महिन्यापासून वरचं दूध सुरू होतं, म्हणजे तिची भीती अगदी बरोबर. कॉपर टी सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात जा म्हटलं. लसींचंही तेच, सरकारी यादीतल्या लसी मनपाच्या केंद्रात फुकट मिळतात, हे दोघं दर वेळी प्रायव्हेटमध्ये हजारो मोजून येत होते. (तिला विचारलं, रडू येतं का, झोप, भूक कशी. दोन आठवड्यांच्या वर सतत उदास असती तर माझं काम तिथे थांबून डॉक्टरचं सुरू झालं असतं. अशा वेळी 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फुकट बोलता येतं.)

त्याच्याकडून मात्र वेगळंच निघालं. बारशाला लॉन घेतला होता, दीडशे पानं, त्यासाठी 90 हजारांचं पर्सनल लोन, आणि बायकोला सांगितलंच नव्हतं. महिन्याला तीन हजारांच्या वर हप्ता जात होता आणि हा ऑटोच्या 60 रुपयांत ते शोधत होता. मी म्हटलं भाऊ, आज घरी जाऊन आधी हे सांग, मग बाकी सगळं. भांडण होईल, होऊ दे.

झालं भांडण. चांगलं दोन दिवस.

मग ठरलं ते एवढंच. एक तारखेला 9 हजार तिच्या खात्यात, यादी बंद. रात्री नऊ ते साडेदहा बाळ त्याच्याकडे, ती झोपणार. आणि तीन आठवडे 'ते' नाहीच, जवळ बसायचं, पाय दाबायचे, पण पुढे काही नाही, म्हणजे त्याचा हात आला की तिचं अंग आखडणार नाही. तो म्हणाला तीन आठवडे? मी म्हटलं, पाच महिने काढलेच ना.

चौथ्या वेळी दोघं अर्धा तास उशिरा आले. बाळ आजीकडे ठेवून रस्त्यात तर्री पोहे खाल्ले, पैसे तिने फोनवरून दिले. किती झाले ते तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. बाकीचं मी त्या दिवशी काही विचारलं नाही. पाऊस यायला अजून दहा-बारा दिवस होते आणि कूलर एकच.