'पारिपत्य' की 'बंदोबस्त'?

नागपूरच्या एका वाचकाने विचारलंय: इंग्रजीतल्या 'काउंटर-इन्सर्जन्सी'ला, म्हणजे बंडाळी आटोक्यात आणण्याला, मराठीत 'गनिमी काव्याविरुद्धचं युद्ध' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. गनिमी कावा ही लढायची रीत आहे. गनीम म्हणजे शत्रू (मोगल मराठ्यांनाच गनीम म्हणायचे), आणि कावा म्हणजे मुळात घोडा गोल फिरवणं, त्यावरून हुलकावणी. ही रीत सरकारी दलंही वापरतात. गडचिरोलीचं नक्षलवाद्यांशी लढणारं पोलिसांचं सी-६० पथक जंगलात अशाच हालचाली करतं. बंडाळी वेगळी. तिथे लोक राज्यकर्त्याला जुमानेनासे होतात.

आपल्या जुन्या कारभारात त्यावर दोन शब्द होते. बंडवाल्याला शासन करणं हे 'पारिपत्य'. मुलखाची घडी बसवणं, त्यात महसूलही आला, हा 'बंदोबस्त'. हिवाळी अधिवेशनात सीताबर्डीला लागतो तो पोलिसांचा बंदोबस्त हा त्याचा आता उरलेला आकसलेला अर्थ.

१८१७ साली त्याच सीताबर्डीवर हरलेले आप्पासाहेब भोसले पुढच्या वर्षी इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरले. आपले लोक नागद्वारच्या यात्रेला जातात, तोच हा पचमढीचा मुलूख. गोंडांच्या साथीने ते तिथून लढले. इंग्रजांनी डोंगरात फौजा धाडल्या, ते पारिपत्य. आणि रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्सने गादीवर बसवलेल्या तिसऱ्या रघुजींच्या नावाने नागपूरचा कारभार हाती घेऊन महसूल लावून दिला, तो बंदोबस्त. दोन्ही परक्याच्या फायद्यासाठी, हे विसरू नये.

नुसत्या पारिपत्याने काय होतं ते औरंगजेबाने दाखवलं. १७०७ पर्यंत तो किल्ले घेत राहिला, कित्येक तर किल्लेदारांना पैसे मोजून; मुलूख काही हाती राहिला नाही. मिझोरममध्ये १९६६ साली बंड मोडायला ऐझॉलवर भारतीय विमानांतून मारा झाला, पुढे खेडीच्या खेडी उठवून रस्त्यालगत वसवली. लोकांच्या मनात त्याची सल राहिली. बंड थांबलं ते १९८६ च्या करारानंतर, आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. मलायातही (आजच्या मलेशियात) कम्युनिस्टांचं बंड मोडायला ब्रिटिशांनी सुमारे पाच लाख माणसं सक्तीने कुंपण घातलेल्या वस्त्यांत हलवली, पण १९५७ साली स्वातंत्र्यही दिलं. परक्या सत्तेविरुद्ध लढायचं कारणच त्यामुळे गेलं. कुंपणाचं कौतुक करणारे हे दुसरं अर्धं सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

तेव्हा 'बंडाळीचा बंदोबस्त' लिहा. बातमी फक्त चकमकीची असेल तर 'चकमक' लिहा. 'बंदोबस्त' तिथे वापरू नका. गडचिरोलीच्या पोलीस ठाण्यात 'दादालोरा खिडकी'वर सरकारी योजनांचे अर्ज भरून घेतात, त्या कामाला मात्र तो शब्द शोभतो.