वाचकांचे प्रश्न : कम्युनिटी कॉलेजची वाट पदवीपर्यंत जाते का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून ५८ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. जवळच्या महाविद्यालयात ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने अन्नप्रक्रियेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि तिला तोच करायचा आहे. घरी चार एकर केळी असल्याने मलाही तो उपयोगी वाटतो. नातेवाईक मात्र म्हणतात की हा मागे पडलेल्या मुलांचा कोर्स आहे आणि पुढे पदवीचे दार बंद होईल. हे कॉलेज म्हणजे नेमके काय आणि त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे?
– एक पालक, यावल तालुका

उत्तर : आपल्या नातेवाइकांची शंका नवी नाही. कम्युनिटी कॉलेजची कल्पना जिथे जन्मली त्या अमेरिकेतही हीच शंका सुमारे शंभर वर्षे विचारली जात आहे, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

१९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचारातून एक ‘ज्युनिअर कॉलेज’ सुरू झाले. पहिल्या तुकडीत अवघे सहा विद्यार्थी होते. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. तिथे मात्र त्याचा अर्थ पदवीची पहिली दोन वर्षे असा होता. ती दोन वर्षे विद्यार्थ्याने घरी राहून, कमी खर्चात पूर्ण करावीत आणि तिसऱ्या वर्षासाठी विद्यापीठात जावे, एवढाच मूळ हेतू होता. म्हणजे पदवीकडे जाणारी वाट हा या कल्पनेचा आरंभ आहे, मागाहून जोडलेली सवलत नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेले सैनिक सरकारी साहाय्यावर मोठ्या संख्येने शिकू लागले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने या संस्थांसाठी ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव पुढे केले आणि त्यांनी आपल्या परिसराच्या गरजा भागवाव्यात, असे सुचवले. त्यानंतर नर्सिंगपासून यंत्रदुरुस्तीपर्यंतचे व्यवसायशिक्षण, नोकरदारांचे संध्याकाळचे वर्ग, प्रौढांना इंग्रजी शिकवणे अशी कामे या कॉलेजांकडे येत गेली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहत् आराखड्यात विभागणीच ठरवून टाकली : वरच्या आठव्या हिश्श्यातील विद्यार्थी मुख्य विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांशातील राज्य महाविद्यालयांत आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले, तेथून दोन वर्षांनी विद्यापीठात जाण्याच्या सोयीसह.

नेमके त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने एक कटू निरीक्षण मांडले. विद्यापीठाची इच्छा धरून आलेल्या मुलांची उमेद ही कॉलेजे हळूहळू शमवतात आणि त्यांना छोट्या कोर्सकडे वळवतात, असे त्याचे म्हणणे होते. आजही तिथे कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहांपैकी सुमारे आठ विद्यार्थ्यांना पदवी हवी असते, पण सहा वर्षांत ती हाती पडते साधारण सहांपैकी एकाच्या. याचे सगळे खापर कॉलेजांवर फोडता येत नाही, कारण त्यांतले कित्येक विद्यार्थी नोकरी आणि संसार सांभाळून शिकतात. तरीही एका ठिकाणी केलेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी पूर्णपणे न धरला जाणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत मला काळजी वाटते ती याच गोष्टीची.

भारतात पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये पहिले कम्युनिटी कॉलेज सुरू केले. पुढे २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांमध्ये असे अभ्यासक्रम चालवण्याची योजना आणली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन) ही व्यवसायशिक्षणाची पदवी आली. एक वर्षाच्या डिप्लोमाला ६० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट असतात. त्यांतील ३६ कौशल्याचे, तर २४ सामान्य शिक्षणाचे. पालक या २४ श्रेयांकांकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते या अभ्यासक्रमाचा जीव तिथेच आहे.

मागच्या हिवाळ्यात रावेर भागातील अशाच एका वर्गात मी दोन तास बसलो होतो. एका विद्यार्थिनीने कच्च्या केळ्याच्या दोन चकत्या माझ्यापुढे ठेवल्या. एक नुसती, दुसरी लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवून काढलेली. थोड्याच वेळात पहिली काळवंडली. केळ्यातील विकर, म्हणजे एन्झाइम, हवेच्या संपर्कात आले की रंग बदलतो आणि आम्लामुळे विकराचे काम मंदावते, हे तिने बोटांवरचा केळीचा चीक पुसत पुसत मला समजावून सांगितले. वेफर तळणे कोणीही शिकवील, पण चकती का काळवंडते हे ज्याला कळले तो उद्या केळीच्या पिठाकडे किंवा प्युरीकडेही वळू शकतो. निघताना तिने मला विचारले, “सर, हे वर्ष पुढे बी.एस्सी.ला धरतील का?” तिला छापील उत्तर कोणीच दिलेले नव्हते. अभ्यासक्रम मनापासून चालवणाऱ्या त्या संस्थेकडून झालेली ही चूक मला फार लागली.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी आपण स्वतः महाविद्यालयात जाऊन विचारा की या डिप्लोमाला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची मान्यता आहे का, मुलीचे श्रेयांक तिच्या नावावर ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) जमा होतील का आणि त्यांच्या आधारे बी.व्होक.च्या किंवा अन्य कोणत्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तिला प्रवेश मिळेल. उत्तर लेखी मागा. “होऊन जाईल, भाऊ” यावर विसंबू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मध्येच बाहेर पडून पुन्हा शिक्षणात येण्याची मुभा आहे, परंतु ती कोणत्या अभ्यासक्रमातून कोणत्या अभ्यासक्रमात मिळेल हे विद्यापीठाच्या नियमांवरच ठरते. शिकवणारे सगळे तासिका तत्त्वावर आहेत की कोणी कायम आहे, तेही पाहून घ्या. ही उत्तरे समाधानकारक मिळाली तर मुलीला जरूर पाठवा. ५८ टक्क्यांचा आणि मागे पडण्याचा इथे काही संबंध नाही. उत्तरे मिळाली नाहीत तर बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन अन्नप्रक्रियेचे लहान प्रशिक्षण सुट्टीत करणे बरे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात असा अभ्यासक्रम सुरू करण्याचा विचार आहे. काही सहकारी संगणकाचा कोर्स सुचवतात. आपले मत काय?
– एक प्राध्यापक, नंदुरबार

उत्तर : संगणकाचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. आपल्या गावात मिरचीचा एवढा मोठा बाजार भरतो, पथारीवर लाल मिरची वाळत पडते आणि अवकाळी पाऊस आला की व्यापारी, मजूर, शेतकरी असे सगळेच हवालदिल होतात. वाळवणी, प्रतवारी, साठवण आणि बुरशीची तपासणी यांवरचा डिप्लोमा नंदुरबारने नाही तर कोणी काढायचा? अभ्यासक्रम ठरवण्यापूर्वी मिरचीच्या व्यापाऱ्यांना आणि पथारीवर काम करणाऱ्या बायांना एकदा महाविद्यालयात बोलवा, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांची राहण्याची सोय मंजुरीच्या अर्जातच मांडा. सातपुड्यातून रोज ये-जा करून ६० श्रेयांक पूर्ण करणे त्यांना शक्य होणार नाही.