वाचकांचे प्रश्न : सैन्यात जायचे, तर पदवीची वाट पाहावी का?

प्रश्न : आमची दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती आहे. मुलगा यंदा कला शाखेतून बारावी झाला असून त्याला लगेच अग्निवीर भरतीला जायचे आहे. आधी बी.ए. केल्यास सैन्यात वरचे पद मिळेल, असे माझे म्हणणे आहे. कोणाचे बरोबर?
— एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपली समजूत अर्धीच खरी आहे. जनरल ड्यूटी अग्निवीरासाठी, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या सर्वसाधारण जवानासाठी, एकूण 45 टक्के गुणांसह दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते, त्यामुळे बी.ए. झालेला आणि दहावी झालेला असे दोघेही एकाच मैदानावर धावतात आणि निवड झाल्यावर एकाच पदावर रुजू होतात. पदवी उपयोगी पडते ती अधिकारीपदासाठी. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेत असलेल्या संयुक्त संरक्षण सेवा (सीडीएस) परीक्षेतून डेहराडूनच्या सैनिकी अकादमीसाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो. पण नौदल अकादमीला अभियांत्रिकीची पदवी आणि हवाई दलाच्या अकादमीला बारावीचे भौतिकशास्त्र व गणित (किंवा अभियांत्रिकीची पदवी) लागते, म्हणजे आपल्या मुलासाठी त्या दोन वाटा जवळजवळ बंद आहेत. याच परीक्षेतून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी अर्ज करणाऱ्यास मात्र गणिताचा पेपर द्यावाच लागत नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असते. कला शाखेच्या मुलांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तालुक्यातालुक्यातल्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या बहुतेक अकादम्या धावणे उत्तम करून घेतात, इंग्रजीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

खरी अडचण वयाची आहे. अग्निवीर भरती ज्या अग्निपथ योजनेतून होते, तिच्या मूळ नियमानुसार वय साडेसतरा ते 21 वर्षे असावे लागते, आणि बी.ए. पूर्ण होईपर्यंत मुलगा त्या सीमेवर पोहोचतो. म्हणून माझे मत असे की, त्याने यंदाच महाविद्यालयात प्रवेश घ्यावा आणि शिकता शिकता भरतीही द्यावी. वयोमर्यादा मात्र त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पडताळून घ्यावी. निवड झालीच, तरी चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. परत येणाऱ्याला पदवीची गरज भासतेच, आणि सेवेत असताना ती पूर्ण करण्यासाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा खास अभ्यासक्रम आहे. प्रवेशापूर्वी महाविद्यालयात राष्ट्रीय छात्र सेना (एनसीसी) आहे का, हेही विचारावे, कारण तिच्या प्रमाणपत्राचे जादा गुण भरतीत मिळतात.

पुढे सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यास मुलाखतीच्या तयारीसाठी नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासनातर्फे विनामूल्य प्रशिक्षण मिळते. त्याची चौकशी यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून एनसीसीत आहे. मुलींना भरतीत संधी आहे का?
— एक विद्यार्थिनी, चिमूर

उत्तर : भूदलात मुलींची अग्निवीर भरती फक्त लष्करी पोलीस दलासाठी होते, त्यामुळे तुमच्यासाठी पदवीचे महत्त्व मुलांपेक्षा अधिक आहे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला 50 टक्के गुण असल्यास एनसीसी स्पेशल एन्ट्री या अधिकारीपदाच्या भरतीतून लेखी परीक्षेशिवाय थेट सेना निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. वयाची अट 19 ते 25 वर्षे अशी आहे, आणि अंतिम वर्षात असतानाही अर्ज चालतो.