चित्रं कोठारात का ठेवतात?

प्रश्न : ताई, सुट्टीत मुलीला घेऊन दिल्लीची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट पाहायला जाणार आहे. तिथे १७,०००हून अधिक कलाकृती आहेत म्हणे, पण एका वेळी थोड्याच लावतात. लोकांच्या पैशांतून घेतलेली चित्रं लोकांपासून दूर का ठेवायची?

उत्तर : जागा अपुरी पडते हे आहेच, पण कागदावरच्या चित्रांचा खरा वैरी उजेड. मी आयुष्यभर अशाच चित्रांची डागडुजी केली. जुनी फ्रेम उघडली की माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड ताजी दिसते आणि उरलेलं चित्र फिकुटलेलं. फार जीव तुटतो तेव्हा. फाटलेला कागद सांधता येतो, उडालेला रंग परत येत नाही. शिवाय हे नुकसान साठत जातं. मंद उजेडही पुष्कळ दिवस पडला तर तेवढंच बिघडवतो. म्हणून जलरंगांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी ती उतरवून अंधारात ठेवतात. तैलरंगांना २००पर्यंत चालतो.

नंदलाल बोसांची हरिपुरा चित्रं घ्या. १९३८च्या हरिपुरा इथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी, गांधीजींच्या सांगण्यावरून काढलेली. ढोल वाजवणारे, राबणारे गावकरी, ठसठशीत रेषा, आणि सगळं कागदावर. येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांनी पाहावीत म्हणून केलेली ही चित्रं आज जपून दाखवावी लागतात, याची मलाही हळहळ वाटते. तरी ती कायमची टांगून ठेवा, असं मी म्हणणार नाही. आग्रह धरायचा तो चित्रं नियमाने फिरती ठेवण्याचा.

मुलीला चित्रकार अमृता शेरगिल मात्र नक्की दाखवा. तिथला तिचा संग्रह फार मोठा आहे. ‘थ्री गर्ल्स’ १९३५चं. त्याला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हे चित्र काढल्यानंतर ती अजिंठा पाहून दक्षिणेत गेली आणि ‘ब्राइड्स टॉयलेट’ रंगवलं. ही दोन्ही लावलेली असतील तर एकापाठोपाठ एक पाहा. दुसऱ्यातली माणसं कशी बसलीत, त्यांचे हात कसे आहेत, अंगाचा तपकिरी रंग कसा उतरलाय, हे मुलीलाच शोधू द्या. तिने अजिंठा पाहिला असेल तर तिला सांगावंच लागणार नाही.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. कोणतं दालन उघडं आहे, हे निघण्याआधी विचारून घ्या.