पट्टी प्रथिनाची, उत्तर केराटिनचे

प्रश्न : कूमासीने (प्रथिनांना निळे करणाऱ्या रंगाने) रंगवलेल्या जेलमधली प्रथिनाची पट्टी कापून ट्रिप्सिनने (प्रथिने कापणाऱ्या विकराने) पचवली आणि माल्डीवर (तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर) तपासली. ८४२.५ आणि २२११.१ या वस्तुमानांना ठळक शिखरे दिसली, पण डेटाबेसमध्ये शोधल्यावर फक्त केराटिन (त्वचेतले-केसांतले प्रथिन) निघाले. ट्रिप्सिन वाढवूनही फरक नाही. काय चुकते आहे?

उत्तर : ती दोन शिखरे तुमच्या प्रथिनाची नाहीतच. डुकराचे ट्रिप्सिन स्वतःलाच कापते, त्याचे ते तुकडे. ट्रिप्सिन वाढवाल तशी तीच उंचावणार. (उपकरणाचे अंशांकन करायला मात्र ती चांगली.)

खरी अडचण बहुधा ही, की ट्रिप्सिन जेलच्या आत शिरतच नाही. पट्टीचे साधारण १ मिमीचे तुकडे करा. ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट आणि अ‍ॅसिटोनायट्राइल समप्रमाणात घेऊन निळा रंग जाईपर्यंत धुवा. मग १० मिलिमोलर डीटीटीत (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनात) ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे, आणि ५५ मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइडमध्ये (ते बंध पुन्हा जुळू न देणाऱ्या रसायनात) अंधारात २० मिनिटे. जास्त वेळ ठेवू नका, नाहीतर सिस्टीनखेरीज लायसिनलाही (दोन्ही प्रथिनातली अमिनो आम्ले) ते चिकटते. पुन्हा धुऊन शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल घाला. तुकडे पांढरे आणि कडक झालेच पाहिजेत. घाई होते ती इथेच. अर्धवट ओला तुकडा द्रावण शोषत नाही, ट्रिप्सिन बाहेर राहते आणि स्वतःलाच खाते. कोरड्या तुकड्यांवर प्रति मायक्रोलिटर १२.५ नॅनोग्रॅम ट्रिप्सिनचे थंड द्रावण घालून ४५ मिनिटे बर्फात मुरू द्या. उरलेले काढून टाका, तुकडे बुडतील एवढे साधे (ट्रिप्सिन नसलेले) बफर घाला आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवा.

केराटिन त्वचेतून, केसांतून, धुळीतून येते. हातमोजे घाला, ब्लेड नवे घ्या, जेल झाकून ठेवा. पट्टी फिकट असेल तर एवढे करूनही थोडे येईलच. शेजारचा रिकामा तुकडा सोबत पचवून त्याची शिखरे वजा करा. डेटाबेसमध्ये शोध घेताना सिस्टीनवर आयोडोअ‍ॅसिटामाइडमुळे होणारी ५७.०२ डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) वाढ नोंदवायला विसरू नका.

प्रश्न : यूरियात विरघळवलेल्या नमुन्यातली काही पेप्टाइड्स (प्रथिनाचे कापलेले तुकडे) ४३ डाल्टनने जड का दिसतात?

उत्तर : यूरियातून सायनेट तयार होते आणि ते लायसिनवर व साखळीच्या अमिनो टोकावर बसते. अशा लायसिनपाशी ट्रिप्सिन कापतही नाही. द्रावण त्याच दिवशी बनवा आणि ३७ अंशांपुढे तापवू नका. म्हणजे वरची ५६ अंशांची पायरी इथे चालणार नाही. डीटीटी खोलीच्या तापमानाला जास्त वेळ ठेवा. ट्रिप्सिन घालण्यापूर्वी यूरिया १ मोलरपर्यंत विरळ करा.