बँकॉकमध्ये हाताशी एकच दिवस आहे?

पहिल्यांदाच जाताय ना, मग अख्खं बँकॉक एका दिवसात उरकायचा बेत आधी सोडा. नदीकाठचा पट्टा धरा: ग्रँड पॅलेस, वाट फो आणि होडीने पलीकडे वाट अरुण (इथे 'वाट' म्हणजे देऊळ). पुष्कळ झालं.

- पॅलेसला सकाळी साडेआठलाच हजर व्हा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही झेपत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.
- बाहेर कुणी गोडीगोडीत "आज पॅलेस बंद आहे, चला फिरवून आणतो" म्हणालं, तर न थांबता पुढे चला. टुकटुकवाले (तिथले रिक्षावाले) थेट रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन उभं करतात. नवखे हमखास इथेच फसतात. (मीही फसलोय, पहिल्या खेपेला.)
- वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. पायांपर्यंत जा. तळव्यांवरचं शिंपल्यांचं काम बघायचं बरेच जण विसरतात.

खरेदी शेवटी, नाहीतर पिशव्या दिवसभर मिरवाल. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी भरतो. घासाघीस करा, पण हसत. बुद्धमूर्ती घेऊ नका, देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. सुकवलेला आंबा घ्या. घरचे हापूसशी तुलना करून नाकं मुरडतील, पण संपवतील.