टक्याचं चिन्ह आणि 'बंगाली रुपया'

प्रश्न: आमचा सुताचा व्यापार आहे, ढाक्यातल्या एजंटचं कमिशन आणि तिकडचा किरकोळ खर्च टका या बांगलादेशच्या चलनात मांडावा लागतो. तिथले लोक टक्यासाठी ৳ हे चिन्ह वापरतात. एक्सेलमध्ये ते नीट दिसतं, पण पीडीएफ काढून पाठवली की समोरच्याला नुसता चौकोन दिसतो. आणि चिन्हांच्या यादीत त्याचं नाव 'बेंगॉली रुपी साइन' आहे! मग हा टका का आपला रुपया?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: टकाच आहे, बिनधास्त वापरा. कॉम्प्युटर चिन्हाचं नाव नाही, नंबर साठवतो, आणि या चिन्हाचा युनिकोड (जगभरच्या अक्षरांना आणि चिन्हांना नंबर देणारी पद्धत) नंबर आहे ०९एफ३, तो ढाक्यात उघडा नाहीतर इचलकरंजीत, तोच राहतो. नावाचं म्हणाल तर युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, तोवर बांगलादेशात टका येऊन १९ वर्षं झाली होती, तरी नाव रुपयाचंच पडलं. खिशातली दहाची नोट काढा, मागच्या बाजूला भाषांची पट्टी आहे त्यात बंगाली ओळ बघा, तिथे 'टाका' असंच छापलंय, कारण कोलकात्यातही रुपयाला टाकाच म्हणतात. आता ते नाव बदलणार नाही, एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही असा युनिकोडचा नियमच आहे, कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये ते नाव तसंच्या तसं वापरलेलं असतं आणि बदललं की तो बंद पडणार. मला हा नियम पटतो. युनिकोडच्या अधिकृत तक्त्यात त्या नावाखाली 'बांगलादेशी टका' अशी नोंदही आहे. फक्त शेजारचं ৲ हे जुनं रुपयाचं चिन्ह चुकून घेऊ नका. आणि आपल्या रुपयासाठी ₹ वापरा, ते २०१० साली आलं, त्याचा नंबर अगदीच वेगळा.

चौकोनाचं काय, तर चौकोन म्हणजे चिन्ह शाबूत आहे पण तिथल्या फॉन्टमध्ये त्याचा आकार नाही. त्या सेलला नोटो सॅन्स बंगाली किंवा विंडोजमधला निर्मला यूआय लावा आणि पीडीएफ काढताना फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करा. चौकोनाऐवजी प्रश्नचिन्ह आलं तर मात्र खरी काळजी करा, कारण मधल्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने नंबरच टाकून दिलेला असतो, मग फॉन्ट कितीही बदला, उपयोग नाही. सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) सेव्ह करताना यूटीएफ-८ ही युनिकोड साठवायची पद्धत निवडा म्हणजे हे टळतं. पैशाचा मामला आहे, त्यामुळे रकमेशेजारी बीडीटी हा चलनाचा कोडही टाका, चिन्ह उडालं तरी घोळ होणार नाही.

प्रश्न: आजोबांच्या कोलकात्याच्या दुकानाची वही टाइप करतेय. आण्यांच्या खुणा कशा लिहू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: वा, हे काम नक्की पूर्ण करा! टक्याच्या चिन्हाला लागूनच या खुणा आहेत: ৴ एक आणा, ৵ दोन, ৶ तीन, ৷ चार आणि ৸ म्हणजे बारा आणे. यांच्यापुढे ৹ ही खूण येते, तिचा अर्थ रुपयाचा सोळावा भाग, म्हणून ৷৹ लिहिलं की चार आणे झाले. गंड्याची खूण वेगळी, ৻ अशी. बंगालात वीस गंड्यांचा एक आणा, आणि ही खूण युनिकोडमध्ये २००९ साली उशिरा आली, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये मिळणार नाही. त्याच वर्षी आपल्या मोडी दप्तरातल्या पाव-अर्धा-पाऊण आणि आण्यांच्या खुणांसाठीही वेगळा गट मिळाला, पण तो इथे वापरू नका, बंगाली वहीला बंगालीच खुणा ठेवा म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडतील.